तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

मामीनं पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि मला कळेना, आता पुढं काय करायचं.

"अजून घेतेस का गं?" असं तिनं विचारलं होतं. मी "नको" म्हटलं होतं. बरोबर म्हटलं होतं, अगदी आईनं शिकवल्यासारखं. मान खाली, आवाज बारीक, ताटावर हात आडवा. आता मामी म्हणणार, "अगं घे की, एवढ्यानं काय होतंय?" मग मी परत नको म्हणणार. मग ती पोळी पुढं करणार. तेव्हाही मी हात आडवा धरणार, पण या खेपेला बोटं जराशी फाकलेली ठेवणार. वाढणाऱ्याला ती फट दिसते. तिथून पोळी ताटात पडते आणि आपण "अय्यो, कशाला!" म्हणायचं. आमच्या मंगळवेढ्याकडच्या रानात पाहुण्याच्या घरचं जेवण असंच होतं. खाणाऱ्यालाही माहीत असतं, वाढणाऱ्यालाही.

मामीनं झाकण दाबलं. टक् असा आवाज झाला. ती भांडी उचलायला लागली.

माझ्या शेजारी केतकी बसली होती. मामीची एकुलती एक, माझ्याहून वर्षानं लहान. तिच्या ताटात अर्धी पोळी आणि भेंडीची भाजी उरली होती. "मला नको," ती म्हणाली आणि उठलीसुद्धा. "बरं," मामी म्हणाली. ती पोळी भाजीसकट केराच्या बादलीत गेली.

मी बादलीकडं बघत बसले. माझा हात अजून ताटावर आडवाच होता. बोटं फाकलेली.

निगडीत मी दहावीसाठी आले होते. आमच्या गावात शाळा नववीपर्यंतच. दहावीचा वर्ग पुढच्या वर्षी सुरू होणार, असं दरवर्षी सांगत. भारतमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, भोसरीला कंपनीत होता. तो दिवाळीला आला आणि आबांना म्हणाला, "दाजी, पोरीचं डोकं चांगलंय. द्या माझ्याकडं एक वर्ष." आबांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "जाऊ दे. शिकली तर शिकली. मधनंच परत आली तर मातर मी जतच्या पोराला सांगून टाकनार."

जतचा पोरगा ट्रॅक्टर चालवायचा. मी त्याला एकदाच बघितला होता. त्यानं मला बघितलं नव्हतं. त्याच्या आईनं बघितलं होतं, दावणीची म्हैस बघतात तसं, पाठीवरून हात फिरवून.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला चुलीपाशी बसवलं.

"वैजे, ध्यान दे. पयल्यांदा इचारलं की नको म्हनायचं. दुसऱ्यांदा बी नको. तिसऱ्यांदा घ्याचं, ते बी अर्धं. आन् आपल्या हातानं वाढून घ्याचं न्हाई. हातानं वाढून घेनारी पोरगी घर खाती म्हनत्यात."

"आन् त्यांनी तिसऱ्यांदा इचारलंच न्हाई तर?"

आई हसली. "इचारत्यात गं. मानसं हायत ती."

घरीसुद्धा आमचं हेच चालायचं. आधी आबा आणि अंकुश, माझा मोठा भाऊ, जेवायचे. मग आई आणि मी. आई विचारायची, "आनिक घेतीस?" मी नको म्हणायचे. ती परत विचारायची, मी परत नको. कधी ती तिसऱ्यांदा विचारायची, कधी दुसऱ्यावरच थांबून पातेलं खरवडायला लागायची. मला वाटायचं, विसरली. कामाची बाई, विसरणारच.

निगडीच्या घरात मात्र सगळंच एकदा विचारायचे.

"दूध घेतेस?" "नको." दूध फ्रीजमध्ये.

"केळं हवंय?" "नको." केळं परडीत.

"वैजंता, पोहे?" "नको." कढई झाकली.

जेवणाचं टेबल होतं आणि सगळी भांडी टेबलावर मांडलेली असायची. कोणी कुणाला वाढत नव्हतं. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. पहिल्या दिवशी मामीनं माझ्या पानात दोन पोळ्या टाकल्या, त्या पाहुणी म्हणून. दुसऱ्या दिवसापासून, "घे गं तुझ्या हातानं. आपलंच घर आहे." मी एक पोळी घ्यायचे. दुसरी घ्यायला हात पुढं करायचे आणि चुलीपाशी बसलेली आई डोळ्यांपुढं यायची. घर खाती म्हनत्यात. हात मागं.

मला मामीचा मेळच लागेना. नावडती असते तर समजलं असतं. पण ती पतसंस्थेतल्या नोकरीवरून दमून यायची आणि तरी माझ्या गणवेशाचा काठ स्वतः उसवून लांब करायची. मला सँडल घेतले, केतकीला घेतले तसेच. रात्री माझ्या केसांना तेल लावताना गाणं गुणगुणायची. आणि त्याच बाईनं सकाळी माझ्या तोंडासमोर झाकण लावलेलं असायचं. एवढी माया आहे तर परत विचारत का नाही? आणि खायला द्यायचंच नाही तर सँडल कशाला? मी अंथरुणात याच्यावर डोकं चालवायचे. उत्तर यायच्या आत पोटात गुडगुडायचं, आणि केतकी म्हणायची, "वैजू, तुझं पोट बोलतंय."

एकदा शेजारच्या कुलकर्णीकाकू आल्या होत्या. मी आत अभ्यासाला बसले होते. मामी म्हणत होती, "अहो, मला वाटलं गावाकडची मुलगी, अंगानं काम केलेली, चांगली जेवणारी असेल. ही चिमणीसारखं टिपते. माझ्या हातचं आवडत नसेल हो. त्यांच्याकडं तिखट असतं ना."

मला उठून सांगावंसं वाटलं, मामी, तुमच्या हातची ती भेंडी मी स्वप्नात खाते. पण काय सांगणार? मला खायचंय, असं आपल्या तोंडानं सांगायचं? हे असं कुणी सांगतं का?

मामा आठवडाभर कंपनीतच जेवायचा. रविवारी घरी असला की टेबलावर त्याचंच राज्य. न विचारता डबा ओढायचा, न बघता पोळ्या घ्यायचा, भाजीचं भांडं ताटात पालथं करायचा. आणि मध्येच माझ्याकडं बघून म्हणायचा, "वैजे, जेव की! लाजतीस काय?"

हे झालं एकदा. मी हसून नको म्हणायचे आणि पुढच्या दोन वेळांची वाट बघायचे. तोवर त्यानं क्रिकेट लावलेलं असायचं.

मामा तर आमच्यातलाच. त्याच चुलीपाशी वाढलेला. त्याला कसं माहीत नाही? हे कोडं मला सगळ्यांत जास्त छळायचं.

आमची शाळा सकाळची. दुपारी मामी कामावर. डबे घासायचं काम मी आपणहून घेतलं होतं, फुकट राहत नाही एवढं दाखवायला. माझ्या डब्यात, "अजून देऊ?"ला मी नको म्हटल्यामुळं, एकच पोळी असायची. केतकीचा भरलेला डबा अर्धा परत यायचा, बटाट्याची भाजी, पोळीचा रोल, कधी शिरा. पहिल्या दिवशी मी तो बादलीवर धरला आणि हात थांबला. हे मागितलेलं नव्हतं. वाढून घेतलेलंही नव्हतं. कुणाचं नव्हतंच ते. आईच्या कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं. मोरीपाशी उभी राहून, नळ चालू ठेवून, मी ते खाल्लं.

मग रोज खायला लागले.

एकदा केतकी पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली.

"ई! वैजू, माझं उष्टं खातेस?"

"टाकनारच हुतं की."

"अगं पण फ्रीजमध्ये आहे ना सगळं! ताजं!"

"कुनी दिलं मला?"

"कोण कशाला देईल? घ्यायचं!"

ती माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. दोघींनाही वाटत होतं की समोरची येडी आहे.

पोरगी चुगलखोर नव्हती. कुणाला सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी तिचा डबा अख्खाच परत आला. झाकण उघडून तिनं माझ्यापुढं ठेवला. "घे. मला तसंही नको असतं." मग खिडकीच्या काचेत स्वतःला आडवं-उभं बघत म्हणाली, "मी जाड दिसते ना गं? खरं सांग. वर्गातल्या मुली मला भोपळा म्हणतात. तुझे हात बघ, किती छान बारीक आहेत."

माझ्या हातांचं आजवर कुणी कौतुक केलं असेल तर ते एवढंच.

ती मुद्दाम उपाशी राहत होती आणि तिच्या उपासावर मी जगत होते. मामी रोज दोन डबे भरून देत होती आणि समजत होती की दोन पोरी जेवतायत. आज मी चाळिशीच्या पुढं आहे, आणि कुठल्या ना कुठल्या मंचावर कुणीतरी साहेब उभा राहून सांगतो की शहरातल्या मुली फॅशनपायी खात नाहीत आणि खेड्यातल्या अज्ञानापायी. मला त्याचा माईक ओढून घ्यावासा वाटतो. अज्ञान म्हणे! मला पक्कं ज्ञान होतं. कुठं, कसं, किती वेळा नको म्हणायचं याचं एवढं ज्ञान कुणाला नसेल.

केतकीला पुढं शाळेतून सहलीला नेलं. तिचा डबा बंद झाला. आणि त्याच आठवड्यात कवायतीच्या तासाला मी खाली पडले.

म्हणजे मला पडल्याचं आठवत नाही. मैदान आठवतं, मग एकदम डॉक्टरांच्या खोलीतला पंखा आठवतो. मामी ऑफिसातून धावत आली होती, पर्स उघडीच. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासायला घेतलं होतं त्याचा कागद बघितला. मग चष्म्यावरून मामीकडं बघितलं.

"ही तुमची मुलगी?"

"भाची. यांची."

"असं," डॉक्टर म्हणाले. "घरी जेवायला मिळतं ना हिला?"

मामीचा चेहरा बघवत नव्हता. रिक्षात ती बाहेर तोंड करून रडली. मी तिच्या हाताला हात लावला, तर तिनं हात धरला. घट्ट धरला. मला आणखीच कळेनासं झालं.

घरी मात्र मामाला म्हणाली, "मी नाही ही जबाबदारी घेणार. लोक म्हणतील, नवऱ्याच्या भाचीला उपाशी मारते. तुमच्या बहिणीला बोलवा. त्यांनी बघावं आणि काय ते ठरवावं."

मला जतच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकू यायला लागला.

आई रविवारी आली. एसटीनं रात्रभर प्रवास करून. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. दारातच तिनं माझा दंड धरला, दोन बोटांत मापला. मग मामीकडं बघितलं.

"गावाकडं बरी हुती."

"आक्का, मी काही लपवून ठेवलेलं नाही," मामी म्हणाली. "हा फ्रीज. हा डबा. उघडून बघा. कशाला म्हणून कुलूप नाही या घरात."

"मी कुटं तसं म्हनले?"

"डॉक्टर म्हणाले ना!"

"अगं, आधी जेवून घेऊ," मामा म्हणाला. "भुकेल्या पोटी भांडण नको. आक्का, बस."

जेवायला बसलो. आई खुर्चीवर अवघडून बसली, पाय वर घ्यायचे की खाली सोडायचे ते तिला कळत नव्हतं. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात, सगळं टेबलावर. मामा सुरू झालासुद्धा. केतकीनं चमचाभर भात घेतला आणि भाताशी खेळत बसली. मामीनं आईपुढं डबा सरकवला.

"घ्या आक्का."

"नको. मी भाकर खाल्ली की गाडीत."

फडक्यातल्या भाकऱ्या मी मोजल्या नव्हत्या, पण गाठ उघडली नव्हती एवढं मला दिसत होतं. आईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्रभर तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नव्हतं.

"बरं," मामी म्हणाली. आणि झाकण लावलं.

टक्.

आई त्या झाकणाकडं बघत राहिली. तिचा चेहरा मी ओळखला. तो माझा चेहरा होता, पहिल्या दिवसाचा.

मामीनं स्वतः काहीच घेतलं नव्हतं. ती सरळ माझ्याकडं वळली. "वैजंता, मी तुला विचारते. उगाच मोठ्यांनी ठरवायला नको. तुला इथं राहायचंय का?"

बोलायच्या आधी विचार करावा म्हणतात. माझ्या तोंडाला कुणी ते शिकवलंच नव्हतं.

"नको," मी म्हणाले.

मान खाली. आवाज बारीक.

म्हणाले, आणि वाट बघायला लागले. आईसुद्धा वाट बघत होती. मी तिरक्या नजरेनं बघितलं, तिचे डोळे मामीच्या ओठांवर होते. आता ती म्हणणार, अगं असं काय करतेस, रहा की. एवढं वर्षभर तरी. मग मी परत...

"ठीक आहे," मामी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण आवाज सरळ होता. "तिची इच्छा. मी जबरदस्ती करणार नाही."

मामानं घास गिळला. "मग आजच्या रातच्या गाडीनं? आक्का, तिकीट काढू?"

पंखा फिरत होता. माझं अख्खं दहावीचं वर्ष त्या टेबलावर पडलेलं होतं आणि कुणीतरी त्याच्यावर झाकण लावलं होतं.

"एकदाच का विचारता?" मी ओरडले.

सगळे दचकले. मीही दचकले. तो आवाज माझाच होता का, याचीही मला खात्री नव्हती.

"काय?" मामी म्हणाली.

"एकदाच का विचारता तुम्ही सगळं? दूध एकदा, पोळी एकदा! मी नको म्हनले तर परत विचाराय काय झालं? रोज मी वाट बघत बसते. रोज झाकण लावता. मला भूक लागलेली असती मामी. रोज! मी केतकीच्या डब्यातलं उष्टं खाऊन जगले इथं!"

केतकीचा चमचा खाली पडला.

"अगं, मग नको का म्हणालीस?" मामी अक्षरशः उभी राहिली. "हवं असताना नको कोण म्हणतं?"

"म्हणायचंच असतंय! दोनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्याचं!"

"कोणी सांगितलं?"

मी आईकडं बघितलं. आईनं पदर तोंडाशी धरला होता.

मामी खाली बसली. बराच वेळ ती टेबलक्लॉथवरचं एक फूल नखानं खरवडत होती. मग कुणाकडंही न बघता बोलायला लागली. "माझे वडील जेवताना शेजारी पट्टा ठेवायचे. पानात काही टाकलेलं चालायचं नाही. पोट भरलं असलं तरी आणखी वाढायचे, आणि संपव म्हणायचे. नको म्हटलं की पट्टा. एकदा कारल्याची भाजी खाऊन मला ताटातच उलटी झाली. तर त्यांनी..." ती थांबली. "जाऊ दे. केतकी आहे. तेव्हाच मी ठरवलं, माझ्या घरात कुणी नको म्हणालं तर ते नको. परत विचारायचं नाही. परत विचारणं म्हणजे मला पट्टाच वाटतो."

केतकी आईकडं बघत होती. तिला हे आज कळत होतं.

"काय एकेक," मामा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं, अवघडल्यावर त्याला हसूच यायचं. "अगं वैजे, कुठनं काढलंस हे खूळ? दोनदा नको न् तिसऱ्यांदा हो! आपल्यात असलं काई नाही. मी त्याच घरात वाढलो की. मला तर कधी कुणी नको म्हणायला शिकवलं नाही. आक्का, सांग की हिला."

आईनं पदर खाली केला.

"तुला कशाला शिकवतील, भारत?" ती म्हणाली. "तू पोरगा न्हवं का?"

मामा हसायचा थांबला.

आई चिडून बोलत नव्हती. भाकरीला किती पाणी लागतं ते सांगावं तसं सांगत होती. "दुरडीत भाकरी किती हाईत ते वाढनारीला ठावं असतंय. तुमी बापई जेवून उठला की आय दुरडी बघायची. असली तर मला तिसऱ्यांदा इचारायची. नसली की दुसऱ्यावरच गप बसायची. मी बी वैजीला तसंच केलं. पोरीला 'तुला उरलं न्हाई' म्हनून सांगनं बरं दिसतंय का? त्यापरीस तिलाच नको म्हनाय शिकवलेलं बरं. तिला वाटतंय, मीच नको म्हनले. रडत न्हाई मग."



मला ती सगळी संध्याकाळची जेवणं दिसायला लागली. आई पातेलं खरवडतीय. मला वाटायचं, विसरली. ती कधीच काही विसरली नव्हती.

राग आला का? आला. पण कुणाचा ते ठरेना. आईचा म्हणावा तर ती माझ्यासमोर उपाशी बसली होती. आजीचा म्हणावा तर ती मरून गेली होती. मामाचा म्हणावा तर त्याच्या ताटाकडं बघा, पोळीचा तुकडा हातात तसाच, आणि तो बहिणीकडं असा बघत होता, की आपण लहानपणी कुणाचं खाल्लं ते त्याला आज समजलं. अंकुशचा? तो माझा भाऊ होता, मला यात्रेत पाळण्यात बसवणारा. पाहुणचार, रीतभात, मर्यादा, संस्कार, केवढाली नावं देऊन ठेवलीत लोकांनी, आणि खाली बघायला जावं तर एक रिकामी दुरडी.

मामी उठली. माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. तिला हे फार जड जात होतं, ते दिसत होतं.

"वैजंता," ती म्हणाली. "परत विचारते. राहायचंय?"

ही दुसरी खेप होती. नियमानं अजून एक नको बाकी होतं.

"राहायचंय," मी म्हणाले.

आई दचकून माझ्याकडं बघायला लागली, मी काही अचकट-विचकट बोलल्यासारखी.

"आणि मला पोळी पाहिजे. दोन."

"घे ना," मामी म्हणाली आणि सवयीनं डबा पुढं सरकवला. मग थांबली. झाकण काढलं आणि आपल्या हातानं माझ्या ताटात वाढल्या. वाकड्या पडल्या. त्या बाईला वाढायची सवयच नव्हती.

मी घास मोडला. तोंडाशी नेला. आणि मला आईचं ताट दिसलं. कोरडं, चकचकीत, घासून ठेवल्यासारखं.

मी डब्यातली पोळी उचलली. आपल्या हातानं. "आई, घे."

"नको गं. पोट भरलंय माजं."

"घे."

"नको म्हनते न्हवं?" आणि तिनं ताटावर हात आडवा धरला.

मी तिच्या बोटांकडं बघितलं. मला तिनंच शिकवलं होतं की शेवटी बोटं फाकलेली ठेवायची, वाढणाऱ्याला फट दिसली पाहिजे. तिची स्वतःची बोटं एकमेकांना चिकटलेली होती, घट्ट. दुरडीपाशी शेवटी बसणाऱ्या बाईला कुणी विचारतच नाही, मग ती फट कुणासाठी ठेवणार?

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. पोळी तिच्या हातावरच ठेवली, पालथ्या पंजावर. वर वांग्याची भाजी वाढली.

"अगं ए, येडी का काय!" आई म्हणाली. भाजीचा रस तिच्या मनगटावरून बांगड्यांत चालला होता. ती हात काढून घेईना. मी पोळी काढून घेईना. मामा, मामी, केतकी, सगळे त्या हाताकडं बघत होते.

मग आईनं हात हळूच खालून ओढून घेतला. पोळी ताटात बसली.

ती जेवायला लागली. पहिला घास तिनं फार वेळ चावला. दुसरा लवकर गेला. पोळी संपली, मी आणखी वाढली, तिनं हात आडवा धरला नाही. केतकीनं आपल्या पुढचं भाताचं भांडं तिच्याकडं सरकवलं आणि मग, का कोण जाणे, स्वतःही भातावर वरण ओतून घेतलं.

आईनं ताट पुसून काढलं बोटानं. मान वर केली. टेबलाच्या पलीकडं भाजीचं भांडं होतं, त्याच्याकडं बघितलं, मामीकडं बघितलं. ओठ एकदा उघडून मिटले. परत उघडले.

"शर्मिला," ती म्हणाली, "वांगं आनिक हाय का गं?"